मुकादमाचं पथ्य

"तुमच्या कुत्र्यानं माझी खळ खाल्ली!"

"आणि तुमच्या खळीनं माझा कुत्रा आडवा केला!"

पहिल्या भेटीत माणसं काय काय गोड बोलतात! कुणी नाव विचारतं, कुणी हवापाण्याचं काढतं, कुणी नुसतंच लाजतं. हे दोघं मात्र भर सकाळी, खणून ठेवलेल्या रस्त्याच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर खेकसत होते. आणि मधे, चरावर टाकलेल्या फळीवर, भांडणाचं मूळ चारी पाय पसरून कण्हत पडलं होतं.

त्या मुळाचं नाव मुकादम. वाळलेल्या चिखलाच्या रंगाचा, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला असा कुत्रा. पाण्याची नवी लाइन टाकणाऱ्या टोळीबरोबर तो या गल्लीत आला होता. दिवसभर मातीच्या ढिगावर बसून खाली खणणाऱ्यांवर नजर ठेवायचा, कुणी जरा टेकलं की भुंकायचा, म्हणून हे नाव.

आणि ज्याचा तो होता, तो त्या टोळीचा सुपरवायझर. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात गमबूट, कानामागे कायम एक पेन्सिल. गल्ली त्याला 'खड्डेवाला' म्हणायची. तेही त्याच्या पाठीमागे. कारण त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही बोलायचं नाही, असं गल्लीत ठरलं होतं.

आणि ते ठरवलं होतं तिनंच.

रस्ता खणला तेव्हा 'आठवड्यात बुजवतो' असं सांगितलं होतं. त्या आठवड्याला पुढे पोरंबाळं झाली. गिऱ्हाइकं फळीवरून यायला बिचकायची, दुकानांत धूळ नुसती नांदायला आली होती. तिच्या बाबांच्या बुकबाइंडिंगच्या दुकानात तर पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उमटवावीत आणि ती वाळायच्या आत धुळीनं करडी व्हावीत, ही गत. बाबा गल्लीतल्या दुकानदारांचे अध्यक्ष खरे, पण स्वभाव लोण्याहून मऊ. मग एका संध्याकाळी तीच उठली, रिकाम्या खोक्यावर चढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "रस्ता बुजेपर्यंत या टोळीला आपल्या गल्लीतून पाणी नाही, चहा नाही, आणि कुणी त्यांच्याशी एक शब्द बोलायचं नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. समोरच्या बटणांच्या दुकानातल्या आत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, तिथल्या तिथे जाहीर केलं, "पोरगी माझ्यावर गेलीय!"

तेव्हा खरं तर तिनं त्याच्याशी भांडायलाही नको होतं. पण रोज सकाळी शिजवून उंबऱ्याबाहेर निवायला ठेवलेलं खळीचं पातेलं चाटूनपुसून लख्ख झालेलं पाहिल्यावर बहिष्काराचं भान कुणाला राहतं?

"काय असतं हो त्या खळीत?" त्याचा आवाज एकदम उतरला.

"मैदा... पाणी..." ती अडखळली. "आणि तुरटी. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून."

"तुरटी!"

"मग? कुत्र्यांच्या जेवणासाठी नव्हती केलेली ती!"

तेवढ्यात मुकादमानं पोटातला सगळा ऐवज फळीवर काढला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. खड्डेवाला खाली बसला, शर्टाची पर्वा न करता त्यानं ते घाणीनं माखलेलं जनावर छातीशी धरलं, आणि तडक दवाखान्याकडे चालू लागला. ती रिकामं पातेलं हातात घेऊन बघत राहिली. भांडण तिनं जिंकलं होतं, पण जिंकल्याची चव तोंडात काही येईना.

दुपारी तो परतला. मुकादम सिमेंटच्या पोत्यावर निपचित पडला होता. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आत्या गिऱ्हाइकात गुंतलेली पाहिली, आणि चराच्या काठाशी आली.

"कसा आहे?"

तो दचकला. "तुम्ही... बोलताय?"

"मी कुत्र्याची चौकशी करतेय. तुमची नाही."

"जिवाला धोका नाही म्हणाले डॉक्टर. आज फक्त घोट घोट पाणी. उद्यापासून अगदी मऊ शिजवलेला भात, उकडलेली कोंबडी, थोडा लाल भोपळा. तेल नाही, मीठ नाही, मसाला नाही. एकदम पोटभर नाही, थोडं थोडं करून." त्यानं मान खाली घातली. "आमचे डबे येतात ते तिखटजाळ. इथे शेगडी नाही, आणि या गल्लीत मागायची सोय..."

पुढचं तो बोलला नाही. बोलला असता तर ती भांडली असती. बोलला नाही म्हणून ती रात्रभर कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी खळीच्या शेगडीवर, खळीच्या आधी, भात चढला. बाबांनी नाक वर करून विचारलं, "आज खळीला कोंबडीचा वास कसा काय?"

"पोटात गडबड आहे," ती म्हणाली. कुणाच्या, ते सांगितलं नाही. तेवढं खोटं तिला चालत होतं.

वाटी घेऊन ती फळीवर पोचली तेव्हा खड्डेवाल्याच्या भुवया हेल्मेटात शिरल्या. "तुमचा तो ठराव...?"

"ठराव माझा आहे. त्यात काय बसतं आणि काय नाही, ते मी ठरवणार. याचं डोकं धरा."

मुकादम वाटीला तोंड लावेना. चमच्याकडे बघून त्यानं मान फिरवली. शेवटी तिनं भाताचा एक गोळा बोटांवर घेतला आणि त्याच्या नाकाशी धरला. नाक हललं... थांबलं... मग खरखरीत गरम जीभ तिच्या बोटांवरून फिरली. ती खुदकन हसली. आणि वर पाहिलं, तर खड्डेवाला कुत्र्याकडे बघतच नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही हसता हे गल्लीनं कळवलं नव्हतं."

"गल्ली तुमच्याशी बोलत नाही."

"म्हणून तर!"

तिनं ओठ घट्ट मिटले. पण हसू एकदा सुटलं की पुन्हा पातेल्यात भरता येत नाही.

मग ते रोजचंच झालं. सकाळी, दुपारी, दुकानं बंद होताना, थोडं थोडं. तो मुकादमाचं डोकं मांडीवर घ्यायचा, ती बोटांनी भरवायची. बोलायचं फक्त कुत्र्याबद्दल, असा तिनं मनाशी नियम केला होता. नियम पाळायलाही कसब लागतं.

"मुकादमाला विचारा, त्याचे साहेब जेवले का?"

"मुकादम म्हणतो, साहेबांना तुमच्यासारखं कुणी भरवत नाही."

"मुकादमाला सांगा, जास्त जीभ चालवू नये, पोट बिघडतं."

एकदा वारा सुटला आणि मातीचा लोट उठला. त्यानं चटकन आपलं हेल्मेट काढून वाटीवर पालथं धरलं. त्याचे केस धुळीनं पांढरे झाले, पापण्यांवर माती, तरी तो हसत होता. "साठ वर्षांचा झाल्यावर असा दिसेन." ती बघत राहिली... आणि तिच्या मनात आलं, बघायला आवडेल. नेमकं तेव्हाच तिला कळलं की आता हे प्रकरण पोटाच्या वर सरकलंय.

मुकादम सुधारत होता. शेपूट हलायला लागली, पडलेला कानही जरा वर आला. आणि एका सकाळी पाहते तो पुन्हा पोत्यावर निपचित. पुन्हा उलटी, पुन्हा जुलाब, पुन्हा तेच केविलवाणं कण्हणं.

तिचं डोकं फिरलं. "काय चारलंत त्याला?"

"मी? काही नाही."

"मग तुमच्या माणसांनी."

"त्यांना सक्त ताकीद आहे. तुम्ही देता त्याच्यावर एक कण नाही."

"इतकं बिनमिठाचं, बिनतेलाचं, जीव ओतून करतेय मी, लपूनछपून करतेय, आणि तुम्हाला एका कुत्र्यावर नजर ठेवता येत नाही? रस्ता बुजवता येत नाही, कुत्रा सांभाळता येत नाही... येतं तरी काय तुम्हाला?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. "विश्वास नाही ना?"

"नाही!"

"बरं." त्यानं हेल्मेट घातलं. "रस्ता बुजवता येतो. तेवढं करून दाखवतो."

आणि त्यानं दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून टोळी झपाटल्यासारखी भिडली. पाइप उतरले, सांधे जुळले, माती पडू लागली, वर रोलर फिरू लागला. गल्लीत आनंदीआनंद. फक्त बाइंडिंगच्या दुकानात एकीच्या हातून सुई पुन्हा पुन्हा बोटात शिरत होती. तिला कळत होतं: चर बुजला की टोळी उठणार, आणि टोळीबरोबर तो. ज्या दिवसाची तिनं खोक्यावर चढून मागणी केली होती तो दिवस आता फळीफळीनं जवळ येत होता. चूक कबूल करावी, तर चूक आपलीच आहे याची खात्री कुठे होती? आणि खात्री नसताना माघार घ्यायची, हे तिच्या रक्तात नव्हतं. भात मात्र ती नेत राहिली. तो डोकं धरायचा, ती भरवायची. दोघांच्या मधे आता फक्त कुत्र्याचं चाटणं ऐकू यायचं.

आत्याचं लक्ष नव्हतं असं कुणी समजू नये. बटणं निवडणारी नजर ती. काळ्यातली गडद निळी बाजूला काढणारी. तिनं सगळं पाहिलं, आणि रस्त्याचा शेवटचा तुकडा तेवढा उघडा राहिला असताना, संध्याकाळी दुकानदारांची बैठक बोलावली. बाइंडिंगच्याच दुकानात. बाबा अध्यक्षांच्या खुर्चीत अवघडून बसले. घड्याळं दुरुस्त करणारे काका बहिष्काराचे सर्वांत कडवे पुरस्कर्ते. ते पहिल्या रांगेत.

"कुंपणानंच शेत खाल्लंय!" आत्यानं सुरुवात केली. "जिनं ठराव मांडला, तीच रोज फळीवर बसून त्या खड्डेवाल्याशी गुलुगुलु बोलते. हातात वाटी, तोंडात हसू. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"हे काय ऐकतोय मी?" घड्याळकाका गरजले. "आम्ही त्या लोकांकडे मान वळवून बघत नाही, आणि आपलीच मुलगी त्यांचे लाड पुरवते?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "बाळ... काही बोल ना."

ती उभी राहिली. पण ती बोलायच्या आत दार ढकलून मुकादम आत आला.

जिथे भाताचा वास येतो तिथे आपलं स्वागत आहे, अशी त्याची साधी समजूत. तो मोजक्या पावलांनी आत्यापाशी गेला, पुढ्यात बसला, एक पाय उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या खिशाला नाक लावलं.

"हाड... हाड रे," आत्या म्हणाली. पण त्या 'हाड'मध्ये काही जोर नव्हता. आणि खिशातून बिस्किटाचा अर्धा पुडा डोकावत होता.

मुकादम काही क्षण थांबला. इथे आज काही मिळत नाही म्हटल्यावर तो घड्याळकाकांकडे वळला, त्यांच्यासमोर पाठीवर लोळला आणि चारी पाय वर केले. काकांचा चेहरा लाल झाला.

"तुम्हीसुद्धा?" आत्या ओरडली.

"चीज... थोडंसंच," काका पुटपुटले. "माझ्या डब्यातलं. बहिष्कार माणसांवर होता ना?"

आणि मग मुकादम बाबांपाशी गेला. काही मागितलं नाही. नुसतं त्यांच्या पायांवर डोकं ठेवून डोळे मिटले. बाबांचा हात आपोआप खाली गेला आणि पडलेल्या कानामागे खाजवू लागला.

"बाबा!"

"ऑम्लेट," बाबा म्हणाले. अध्यक्षांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "लोणी लावून. अगं, तू त्याला तो बिनमिठाचा, बिनतेलाचा भात घालायचीस. त्यानं असं तोंड केलं की माझ्या घशाखाली घास उतरेना."

म्हणजे सगळ्या गल्लीनं मिळून त्या बिचाऱ्याचं पोट बिघडवलं होतं! प्रत्येकानं दुसऱ्यापासून लपून. आणि तिनं बोल लावला तो एकट्यालाच, ज्यानं खरोखर काही चारलं नव्हतं त्याला. 

 सगळ्यात आधी आत्याच सावरली. ती उगाच थोरली नव्हती. "हे बघा, झालं ते झालं. मुकं जनावर ते. त्याला घासभर घालणं म्हणजे काही ठराव मोडणं नव्हे. पोरीनंही तेच केलं, आपण सगळ्यांनीही तेच केलं. उद्या रस्ता बुजेल, टोळी जाईल, विषय संपला."

"बरोबर, बरोबर," घड्याळकाका घाईघाईनं म्हणाले.

बाबांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. "कुत्र्यासाठीच जात होतीस ना तू? मग काय तर! एवढं म्हण, की मिटलं."

किती सोपं होतं! एक 'हो' म्हणायचं. नाक शाबूत, ठराव शाबूत, बाबांची खुर्ची शाबूत. बाहेर फावड्यानं माती ओढल्याचा आवाज येत होता. प्रत्येक फावड्यागणिक चर आखूड होत होता.

"नाही," ती म्हणाली.

"अगं..."

"नाही, बाबा. पहिल्या दिवशी कुत्र्यासाठी गेले. माझ्या खळीनं तो आजारी पडला म्हणून. दुसऱ्या दिवसापासून भात कुत्र्याला होता, पण बोलत होते मी माणसाशी. ठराव मी मांडला आणि तो मीच मोडला. सगळ्यांच्या आधी, आणि सगळ्यांपेक्षा जास्त. मला कुत्र्याच्या आड लपवू नका. काय दंड करायचा तो करा, दुकानाची पायरी चढू नको म्हणा, माझ्याशी बोलणं टाका. पण मी आत्ता बाहेर जाणार आहे, आणि बोलणार आहे."

"पोरी, डोकं ठिकाणावर आहे का?" आत्या उठली. "आज इथे, उद्या कुठे, अशा खड्डे खणत फिरणाऱ्या माणसासाठी..."

"तूच म्हणाली होतीस ना, पोरगी माझ्यावर गेलीय? मग मी ऐकेन असं तुला वाटलंच कसं?"



ती बाहेर आली. मागोमाग मुकादम, त्यामागे बाबा, त्यामागे दारात चेंगरलेली सगळी गल्ली. चराचा अगदी शेवटचा तुकडा उघडा होता. खड्डेवाला त्यात कमरेइतका खाली उभा राहून पाइपाचा सांधा आवळत होता. मातीच्या ढिगावर तिची सावली पडली तेव्हा त्यानं मान वर केली.

"तुम्ही काही चारलं नव्हतंत," ती म्हणाली. "इथल्या सगळ्यांनी चारलं. माझ्या बाबांनी तर लोणी लावून! मी तुम्हाला वाटेल ते बोलले. चुकलं माझं."

"ठीक आहे."

"ठीक काय? भांडा ना!"

तो थकल्यासारखा हसला. "भांडायचं असतं तर हा चर रेंगाळत ठेवला असता. तेवढ्यासाठी तरी तुम्ही रोज फळीवर आला असता. मनात आलं होतं तसं... पण तुमच्या दुकानातली धूळ बघवेना."

तिनं बाहीनं डोळे पुसले. पण रडायला ती बाहेर आली नव्हती.

"पुढची साइट कुठे आहे?"

"नदीपलीकडे."

"बस जाते?"

"जाते. दोनदा बदलावी लागते."

"चालेल. सुट्टीच्या दिवशी मी मुकादमाचा भात घेऊन येईन."

त्यानं कुत्र्याकडे पाहिलं. तो ढिगावर उभा राहून, शेपूट गरागरा फिरवत, दारातल्या गर्दीकडे आशेनं बघत होता. "मुकादम बरा झालाय. आता त्याला पथ्याची गरज..."

"माहितीय मला!" ती ओरडली. दारात कुणीतरी फिस्सकन हसलं.

त्यानं हातातला पाना हळूच खाली ठेवला. हेल्मेट काढलं. "मग... कुणासाठी येणार?"

"हे काय, आता सगळ्या गल्लीसमोर वदवून घेणार?"

"हो," तो म्हणाला. डोळे मिस्कील, पण हेल्मेट हातात घट्ट धरलेलं. "बहिष्कारही तुम्ही सगळ्या गल्लीसमोरच सांगितला होता. मी इथेच खाली उभा होतो. शब्दन् शब्द ऐकला होता."

तिनं मागे वळून पाहिलं. आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. घड्याळकाका टाचा उंचावून बघत होते.  बाबांनी होकाराची मान किंचित हलवली, इतकी किंचित की ती फक्त तिलाच दिसली.

"तुझ्यासाठी!" ती म्हणाली. खणखणीत आवाजात, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. "तुझ्यासाठी येणार. दर सुट्टीला येणार. पुढची साइट त्याच्याही पलीकडे गेली तर तिकडेही येणार. ज्याला बोलणं टाकायचं त्यानं खुशाल टाकावं!"

  इतके दिवस मुकादमाच्या तोंडून बोलणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं असं एक वाक्य सुचेना. शेवटी त्यानं वर चढायला हात पुढे केला. मग तो हात चिखलानं माखलाय हे लक्षात येऊन मागे घेऊ लागला. तिनं तो मधेच पकडला, दोन्ही पाय मातीत रोवले, आणि त्याला वर ओढून घेतलं.